सूत्रं पाठ असूनही एकसमान इलेक्ट्रिक फील्डमधली चार्जची गणितं का चुकतात?

तुम्ही लिहिलंय की सूत्रं सगळी पाठ आहेत, पण दोन प्लेटांमधून जाणारा इलेक्ट्रॉन आला की गाडी अडते. बारावीत माझीही तिथंच अडायची. आता तीच गणितं शिकवतो, आणि बहुतेकांची चूक सूत्रात नसतेच.

हे गणित तुम्ही अकरावीतच सोडवलंय. गच्चीवरून आडवा फेकलेला चेंडू आठवा: आडवा वेग तसाच राहतो, खालचा वाढत जातो. इथं ‘जी’च्या (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या) जागी चार्ज गुणिले फील्ड भागिले वस्तुमान एवढं त्वरण घाला, बाकी सगळं तेच. फील्ड सगळीकडे सारखं आहे म्हणून हे चालतं. एकट्या चार्जच्या आसपास बल अंतरागणिक बदलतं, तिथं ही समीकरणं लावाल तर फसाल.

एक गणित करूनच बघू. प्लेटा १० सेंमी लांब, त्यांच्यात अंतर २ सेंमी, १०० व्होल्ट लावलेत, वरची प्लेट धन. इलेक्ट्रॉन बरोबर मधोमध, प्लेटांना समांतर, सेकंदाला २ कोटी मीटर वेगानं शिरतो. बाहेर पडेपर्यंत किती सरकेल?

आधी चित्र काढा. फील्डचे बाण वरून खाली, इलेक्ट्रॉन ऋण, म्हणून तो वर ओढला जाणार. दिशा अशी चित्रातच ठरवली की पुढे मी ऋण चिन्ह घेतच नाही, नुसते आकडे घेतो. चिन्हांचा निम्मा घोळ तिथंच मिटतो.

फील्ड म्हणजे १०० भागिले ०.०२, ५००० व्होल्ट प्रति मीटर. (२ सेंमी तसेच घालणारे दरवर्षी भेटतात.) त्वरणासाठी इलेक्ट्रॉनचा चार्ज आणि वस्तुमान वेगवेगळे मांडू नका, ऋण घातांकांत हात अडकतो. दोन्हींचं गुणोत्तरच लक्षात ठेवा: १.७६ गुणिले १० चा ११ वा घात. जे. जे. थॉमसननं १८९७ साली कॅथोड किरण वळवून मोजलं ते हेच गुणोत्तर. त्याला ५००० नं गुणलं की त्वरण मिळतं, ८.८ गुणिले १० चा १४ वा घात.

१० सेंमी पार करायला ५ नॅनोसेकंद. अर्धा गुणिले त्वरण गुणिले वेळेचा वर्ग, उत्तर १.१ सेंमी. झालं?

मीही ‘झालं’ म्हणून वही दिली होती. सरांनी उत्तराशेजारी नुसतं एक प्रश्नचिन्ह काढून परत केली. इलेक्ट्रॉन मधोमध शिरलाय, वर जागाच १ सेंमी आहे! तो बाहेर पडतच नाही, प्लेटवर आदळतो. १ सेंमी सरकायला त्याला साधारण ४.७७ नॅनोसेकंद लागतात, तेवढ्यात आडवा तो ९.५ सेंमी गेलेला असतो. टोक जेमतेम अर्ध्या सेंमीवर असताना बिचारा अडकला.

गुरुत्वाकर्षण धरायचं का, हे विचारणारे पुष्कळ. वरच्या गणितात विद्युत बल इलेक्ट्रॉनच्या वजनाच्या सुमारे ९० लाख कोटी पट आहे, तेव्हा खुशाल सोडून द्या. पण गणितात तेलाचा थेंब किंवा धुळीचा कण आला, तर वजन धरावंच लागतं. तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा चार्ज मोजणाऱ्या मिलिकनच्या प्रयोगात तर फील्डनं थेंबाचं वजन तोलून धरणं हाच मुद्दा होता.

आणि नुसता वेग विचारलाय, वेळ किंवा मार्ग नाही, तर त्वरणाच्या वाटेला जाऊच नका. चार्ज गुणिले व्होल्टेज म्हणजे मिळालेली गतिज ऊर्जा, दोन ओळींत काम होतं.

आता हेच गणित ८० व्होल्टवर करा. या वेळी इलेक्ट्रॉन ०.८८ सेंमी सरकून सुटतो. बाहेर पडताना तो किती अंशांनी वळलेला असेल? माझं उत्तर सुमारे १० येतं. तुमचं वेगळं आलं तर पायऱ्या इथंच खाली लिहा, बघतो कुठं घसरलंय.