एसएटी १५४०, शाळेत पहिल्या तिघांत, रोबोटिक्स क्लबची प्रमुख. हार्वर्ड किंवा एमआयटीत प्रवेश मिळण्याची माझी शक्यता किती?

तू सतरा वर्षांची आहेस असं लिहिलं आहेस म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

तुझी माहिती इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. शाळा अमेरिकेबाहेरची, एसएटीत (अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठीची परीक्षा) १६००पैकी १५४०, वर्गात पहिल्या तिघांत. रोबोटिक्स क्लबची प्रमुख आहेस, दोन वर्षं लहान मुलांना गणित शिकवते आहेस. पूर्ण फी भरणं घरच्यांना शक्य नाही. यादीत हार्वर्ड, एमआयटी, स्टॅनफर्ड आणि त्यांच्याच तोडीची आणखी सात नावं. आणि प्रश्न असा की शक्यता किती टक्के?

टक्क्यांत आकडा मी देणार नाही. कुणी पैसे घेऊन देत असेल तर ते पैसे वाचव. मी गेली नऊ वर्षं माझ्या जुन्या विद्यापीठासाठी अर्जदारांच्या मुलाखती घेतो. आम्हाला मुलांचे गुण दाखवत नाहीत. तासभर बोलायचं आणि अहवाल पाठवायचा, एवढंच काम. सुरुवातीची दोन वर्षं मी प्रत्येक मुलाखतीनंतर माझा अंदाज वहीत टिपून ठेवायचो आणि मार्चअखेर निकाल लागले की ताडून पाहायचो. इतके अंदाज चुकले की ती वही बंद केली. आजवर सगळ्यात मनापासून ज्या मुलीचा अहवाल लिहिला तिला नकार आला. तिच्यात काय कमी होतं हे मला अजूनही सांगता येणार नाही, कारण माझ्या मते काहीच कमी नव्हतं.

तुझ्या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. तिथला अभ्यास तुला झेपेल का, हा पहिला. त्याचं उत्तर बाहेरून बऱ्यापैकी देता येतं. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात. त्याच्या सी९ या भागात प्रवेश घेतलेल्या मुलांच्या एसएटी गुणांचे २५वे आणि ७५वे शतमक दिलेले असतात, म्हणजे ज्यांच्या खाली अनुक्रमे २५ आणि ७५ टक्के मुलं असतात असे गुण. तुझ्या यादीतल्या वरच्या नावांचं २५वं शतमक साधारण १५००च्या आसपास असतं. म्हणजे तू त्या पट्ट्यात मधोमध बसतेस. १५४०चे १५७० करायला पुन्हा परीक्षा देऊ का, असं विचारलं आहेस. देऊ नकोस. ते तीन महिने दुसरीकडे लाव, कुठे ते पुढे सांगतो. (परीक्षाच टाळावी असा सल्ला कुणी दिला असेल तर तो जुना झाला. एमआयटीने २०२२ साली आणि हार्वर्ड, कॅलटेकने २०२४ साली ती पुन्हा सक्तीची केली.)

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. अडचण अशी की ते हजारोंच्या बाबतीत 'हो' असतं. प्रवेशात वंशाचा विचार करण्यावरून हार्वर्डवर जो खटला चालला आणि २०२३ साली ज्याचा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला, त्यात प्रवेशाची आतली आकडेवारी पहिल्यांदाच एवढ्या तपशिलात उघड झाली. २०१५ साली दाखल झालेल्या तुकडीसाठी अमेरिकेतून सुमारे २६,००० अर्ज आले होते. त्यांपैकी ८,०००हून अधिक मुलांची शालेय श्रेणी पैकीच्या पैकी होती आणि ३,४००हून अधिक मुलांना एसएटीच्या गणितात पूर्ण गुण होते. जागा किती? सोळाशेच्या आसपास. नुसत्या गुणांवर निवड करायची म्हटली तरी त्यांना ती करता आली नसती.

दुसरा प्रश्न इथून सुरू होतो: त्या वर्षी तिथल्या प्रवेश समितीला कोण हवं आहे? हे तुला, मला, तुझ्या काउन्सेलरला, कुणालाच बाहेरून दिसत नाही. त्याच खटल्यात आणखी एक गोष्ट समोर आली. विद्यापीठाच्या संघांसाठी निवडलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदारांशी संबंधित मुलं आणि प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं मिळून अर्जदारांमध्ये ५ टक्क्यांहून कमी असतात, पण प्रवेश मिळालेल्यांत त्यांचा वाटा ३० टक्क्यांच्या आसपास असतो. २०२४च्या प्रवेशासाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना होकार मिळाला, म्हणजे ३.६ टक्के. वरचं प्रमाण तसंच धरलं तर उरलेल्यांच्या वाट्याला पावणेतीन टक्केसुद्धा येत नाहीत. एमआयटी देशातल्या आणि परदेशी अर्जदारांचे आकडे वेगळे देते. एकूण दर साडेचार टक्क्यांच्या घरात असतो, परदेशी मुलांचा २ टक्क्यांच्या आसपास. तुला लागू पडतो तो दुसरा.

आता तुझं गणित. "प्रत्येक ठिकाणी ५ टक्के धरले तरी दहा अर्जांत ४० टक्के होतात ना?" असं लिहिलं आहेस. ०.९५चा दहावा घात ०.६० येतो, म्हणजे आकडेमोड बरोबर आहे. पण हे सूत्र चालतं ते दहाही निर्णय एकमेकांपासून सुटे असतील तरच. तसे ते नसतात. दहाही ठिकाणी तोच निबंध, तीच दोन शिफारसपत्रं, तीच श्रेणी जाणार. एखाद्या शिक्षिकेने पत्र कोमट लिहिलं तर ते दहाही टेबलांवर कोमटच पोहोचेल. म्हणून दर वर्षी काही थोड्या मुलांना चार-पाच होकार येतात आणि बाकीच्यांना एकही येत नाही. अशी नावं दहाची वीस केलीस (अनेक कॉलेजांना एकाच जागेवरून अर्ज करायच्या 'कॉमन ॲप' या संकेतस्थळावर वीसच चालतात) तरी हे बदलत नाही, फक्त प्रत्येक अर्जाला मिळणारा वेळ निम्मा होतो.

पैशांबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, आणि तुझ्या बाबतीत मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली तर त्याचा निर्णयावर परिणाम होऊ न देणारी, म्हणजे 'नीड ब्लाइंड' असणारी विद्यापीठं मोजकीच आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, २०२२पासून डार्टमथ आणि बोडन, अगदी अलीकडे ब्राउन आणि आणखी थोडी. स्टॅनफर्ड परदेशी अर्जदारांच्या बाबतीत त्यांत नाही. तिथे मदतीची मागणी निर्णयात धरली जाते. याचा अर्थ स्टॅनफर्ड वगळ असा नाही. पण तुझ्या यादीतल्या दहाही नावांसमोर दोन रकाने आख: मदत मागितल्याने निर्णयावर परिणाम होतो का, आणि प्रवेश दिल्यावर पूर्ण गरज भागवतात का. दुसऱ्या रकान्यात 'नाही' आलं तर तिथला होकारसुद्धा तुझ्या उपयोगाचा नाही. प्रवेश मिळून पैशांअभावी न गेलेली मुलं मी पाहिली आहेत, नकारापेक्षा ते जास्त लागतं. आणि शक्यता वाढावी म्हणून 'मदत नको' अशी खूण मुळीच करू नकोस. बऱ्याच ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याला नंतर मदत मागताच येत नाही.

अर्ली अर्जाबद्दल, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधीच्या फेरीतल्या अर्जाबद्दल, थोडक्यात. अर्ली फेरीतले होकाराचे दर जास्त दिसतात, कारण निवडलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची बरीच मुलं त्याच फेरीत असतात. तो फरक सगळाच्या सगळा तुझ्या पदरात पडणार नाही. शिवाय त्यातला 'अर्ली डिसिजन' हा प्रकार बांधून घेणारा असतो, होकार आला तर तिथेच जावं लागतं, त्यामुळे मदतीची रक्कम इतर ठिकाणांशी ताडून पाहता येत नाही.

आता ते तीन महिने. रोबोटिक्स क्लबवर तू सहा ओळी लिहिल्यास आणि शिकवण्यावर दोन. त्या दोन ओळींत एक गोष्ट आहे जी वाचून मी थांबलो: अपूर्णांकांत मुलं कुठे चुकतात याची तू वही ठेवली आहेस आणि त्या चुकांचे सात प्रकार पाडले आहेस. क्लबचे प्रमुख हजारो असतात. एक अधिकारी दिवसाला कितीतरी अर्ज वाचतो, त्याच्या डोळ्यांखालून ते पद सकाळपासून अनेकदा गेलेलं असतं. पण मुलाचं उत्तर चुकलं तर तो कसा विचार करत होता हे शोधत बसणारी मुलगी त्याला रोज भेटत नाही. ६५० शब्दांचा निबंध त्या वहीवर लिही. सातांपैकी एकच चूक घे, एकच मूल घे, आणि तुझा स्वतःचा अंदाज कुठे चुकला तेही लिही. उपक्रमांच्या रकान्यात वर्णनाला १५० अक्षरं मिळतात, त्यांत 'नेतृत्व' वगैरे शब्द नकोत, 'चुकांचे सात प्रकार' हे शब्द असू देत.

यादी मात्र बदलावी लागेल. दहांतली चार ठेव, जी पैशांच्या रकान्यांत टिकतील ती. उरलेल्या जागी अशी कॉलेजं शोध जिथे तुझे गुण ७५व्या शतमकाच्या वर आहेत, परदेशी मुलांना भरघोस मदत मिळते आणि जिथे चार वर्षं राहायला तुला खरंच आवडेल. दोन तरी नावं अशी हवीत की वरच्या चारही ठिकाणांहून नकार आला तरी एप्रिलमध्ये तुझ्याकडे जाण्याजोगी जागा असेल. ही शोधाशोध कंटाळवाणी आहे आणि तिच्याबद्दल मैत्रिणींना सांगण्यासारखं काही नसतं, पण तुझ्या हातात असलेला सगळ्यात मोठा निर्णय तोच आहे.

अर्लीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते. ज्या शिक्षकांनी ती वही पाहिली आहे, त्यांच्याकडे शिफारसपत्रासाठी याच आठवड्यात जा आणि जाताना वही बरोबर ने.