जर्मनीतल्या नोकरीसाठी कव्हर लेटर: कौतुक कमी करा, शंका मिटवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलची पदवी, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सहा वर्षं क्वालिटीत, जर्मन बी-वन (मधली पातळी) पास. जर्मनीतल्या क्वालिटी इंजिनिअरच्या जागांसाठी अर्ज करताय, पण एक तर साच्यातला नकार येतो नाही तर तोही येत नाही. तुमचं कव्हर लेटर तुम्ही सोबत दिलंय आणि विचारलंय की ते कोणी वाचतं तरी का, आणि वाचत असेल तर त्यात काय हवं. मी बरीच वर्षं इथे आहे आणि आमच्या टीममध्ये माणूस घ्यायचा असला की आलेले अर्ज माझ्याकडेही येतात. तेव्हा वाचणाऱ्याला काय दिसतं ते सांगते.

आधी वाचतात का ते. सगळीकडे नाही. डॉइच बान या जर्मन रेल्वे कंपनीनं २०१८ मध्ये शिकाऊ उमेदवारांसाठी पत्राची अटच काढून टाकली, आणि मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर आता पुष्कळदा पत्र ऐच्छिक असतं. पण ही सूट इथल्या उमेदवाराच्या सोयीची आहे. त्याचा बायोडेटा पाहिला की कॉलेज कुठलं, कंपनी कुठली, सगळं ओळखीचं असतं. तुमच्या बायोडेट्यात वाचणाऱ्याला काहीच ओळखीचं नाही. पदवी इथे चालेल का, व्हिसाची भानगड किती, जर्मन खरंच येतं का, कधी येणार, आल्यावर टिकणार का, या शंका त्याच्या डोक्यात असतात आणि बायोडेट्यात त्यांना जागाच नसते. तुमच्यासाठी ती जागा म्हणजे हे पत्र. पत्र ऐच्छिक असलं तरी जोडा.

आता तुमच्या पत्राकडे. पहिला परिच्छेद असा आहे की मी आपल्या नामांकित कंपनीत काम करण्यास अत्यंत उत्सुक आहे, मी मेहनती, प्रामाणिक आणि टीममध्ये मिसळणारा आहे, संधी मिळाल्यास तिचं सोनं करीन. यातलं एक अक्षरही त्या जाहिरातीबद्दल नाही. कंपनीचं नाव बदललं तर हेच पत्र बेकरीच्या यंत्रांच्या कारखान्यालाही चालेल, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. कंपनी नामांकित आहे हे त्यांना ठाऊक आहे. तुम्ही मेहनती आहात हे प्रत्येक अर्जात असतं.

गंमत म्हणजे तुमच्याकडे सांगण्यासारखं भरपूर आहे, फक्त ते बायोडेट्याच्या तिसऱ्या पानावर गाडलंय. व्हीडीए ६.३ नुसार पुरवठादारांची प्रोसेस ऑडिट केली आहेत. जर्मन ग्राहकाच्या तक्रारींवर एटडी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय मांडणारे अहवाल, स्वतः लिहिले आहेत. अहो, व्हीडीए म्हणजे जर्मन मोटार उद्योगाचीच संघटना, हे ऑडिट त्यांच्याच घरचं! इथल्या क्वालिटी मॅनेजरला तुमचं कॉलेज माहीत नसेल, पण ६.३ म्हटलं की तुम्ही रोज काय करता ते त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहतं. त्याला ओळखीची वाटेल अशी तुमच्या अर्जातली एकमेव गोष्ट ही, आणि ती तुम्ही लपवून ठेवलीत.

तुमच्याच बायोडेट्यातला मजकूर घेऊन सुरुवात अशी करता येईल:

«आपल्या जाहिरातीत पुरवठादारांच्या गुणवत्तेची जबाबदारी आणि व्हीडीए ६.३ चा अनुभव मागितला आहे. गेली चार वर्षं मी ऍल्युमिनियमचे ओतीव भाग देणाऱ्या पुरवठादारांचं हेच काम पाहतो. २०२३ मध्ये एका जर्मन ग्राहकाकडून पंपाच्या आवरणातून गळती होत असल्याच्या तक्रारी आल्या. कारण निघालं ओतकामात राहिलेली बारीक छिद्रं (पोरॉसिटी). पुरवठादाराच्या कारखान्यात बसून आम्ही डायच्या तापमानाची नोंद आणि गळतीची शंभर टक्के तपासणी सुरू केली. त्यानंतर त्या भागाची तक्रार आलेली नाही. एटडी रिपोर्ट मी लिहिला आणि ग्राहकासमोर मीच मांडला.»

यात स्वतःची स्तुती करणारा शब्द नाही. पण वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस मूळ कारणापर्यंत जातो, पुरवठादाराकडून काम करून घेऊ शकतो आणि जर्मन ग्राहकासमोर उभा राहू शकतो. असा एकच प्रसंग पुरे, चार घातलेत तर चारही पातळ होतात. तो निवडताना जाहिरात समोर ठेवा. कामांच्या यादीत वर लिहिलेलं सहसा रोजचं काम असतं, त्याच्याशी जुळणारा प्रसंग घ्या. जागा उत्पादनातल्या क्वालिटीची असेल तर पुरवठादाराची गोष्ट बाजूला ठेवून लाइनवरचा प्रसंग सांगा. ग्राहक कंपनीचं नाव मात्र लिहू नका. तुम्ही गोपनीयतेचा करार केलेला असणार, आणि तो मोडणारा माणूस उद्या आपलंही बाहेर सांगेल हे वाचणाऱ्याच्या मनात येतंच.

«हीच कंपनी का» यावर एक-दोन वाक्यं हवीत, पण खरी. वेबसाइटवरचं ब्रीदवाक्य त्यांना परत ऐकवू नका. त्यांच्याकडे उष्णता-पंपाचे भाग नव्याने बनत असतील आणि तुम्हाला मोटारींच्या पलीकडे जायचं असेल तर तसं सरळ लिहा. खरं कारण सुचत नसेल तर एका वाक्यात आटपा.

आता ज्या परिच्छेदावर तुमचं पत्र खरं तर उभं किंवा आडवं होणार आहे तो. त्याचा तुमच्याकडे पत्ताच नाही. मोठ्या कंपन्यांना व्हिसाची प्रक्रिया पाठ असते. पण इथल्या बऱ्याच चांगल्या जागा लहान गावांतल्या मध्यम कंपन्यांत असतात, आणि तिथली एचआरमधली एकटी बाई परदेशातला अर्ज पाहून दचकते. तिला वाटतं की हे महिनोनमहिन्यांचं लचांड आहे. तिची भीती तुम्हीच काढायची. तुमची पदवी आणि विद्यापीठ आनाबिन या सरकारी डेटाबेसमध्ये पाहा. विद्यापीठापुढे एच प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) आणि पदवी समकक्ष असेल तर ते पान छापून जोडा. नसेल तर झेडएबी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन मागवा आणि मागवलंय असं लिहा. मग पत्रात एवढंच: पदवी आनाबिननुसार समकक्ष आहे, ब्लू कार्डाच्या (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीच्या निवास परवान्याच्या) अटी मी पूर्ण करतो, कंपनीने कराराबरोबर नोकरीच्या तपशिलाचा एक फॉर्म भरून द्यायचा असतो, बाकी कागदपत्रं माझी मी तयार ठेवली आहेत. तो फॉर्म एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफरहेल्टनिस या नावाचा आहे. नाव दमछाक करणारं आहे, पण ते पत्रात बरोबर लिहिलेलं दिसलं की तिला कळतं की समोरच्याने अभ्यास केलाय.

पगाराची अपेक्षा जाहिरातीत मागितली असेल तर ती टाळू नका. वर्षाचा ग्रॉस आकडा लिहायचा, महिन्याचा नाही, आणि हातात पडणारा तर नाहीच. आपली मंडळी इथे एक गोष्ट हमखास करतात: कमी मागितलं तर लवकर घेतील म्हणून आकडा पाडतात. पण ब्लू कार्डाला किमान पगाराची अट आहे. २०२५ साली ती वर्षाला ४८,३०० युरो होती आणि इंजिनिअरसारख्या तुटवड्याच्या पेशांसाठी ४३,७५९.८० युरो. दरवर्षी ती बदलते, म्हणून अर्जाच्या वेळी ताजा आकडा पाहा. त्याखाली मागितलंत तर ब्लू कार्डाचा रस्ता तुम्हीच बंद करता, आणि सहा वर्षांच्या अनुभवाला इतकं कमी का, असा संशय येतो तो वेगळाच. रोजगार कार्यालयाच्या एंटगेल्टआटलास या साइटवर पेशा आणि राज्य टाकलं की प्रचलित पगार दिसतो, तो पाहून एकच आकडा लिहा. जाहिरातीत टारिफचा उल्लेख असेल तर पगार युनियनच्या करारातल्या श्रेणीनुसार ठरतो, तिथे फार ताणाताणी करता येत नाही.

रुजू होण्याची तारीखही लिहा. नव्वद दिवसांचा नोटिस पीरियड सांगायला तुम्ही कचरताय असं दिसतं. कचरू नका. इथेही तीन महिन्यांची मुदत अनेकांच्या करारात असते, कोणी दचकत नाही. करार झाल्यापासून व्हिसा धरून किती महिन्यांत येऊ शकतो ते प्रामाणिकपणे लिहा. «ताबडतोब» असं लिहिणाऱ्या परदेशी उमेदवारावर कोणी विश्वास ठेवत नाही.

भाषेचं. जाहिरात जर्मनमध्ये असेल तर पत्र जर्मनमध्ये, इंग्रजीत असेल तर इंग्रजीत. तुमचं पत्र वाचून मला स्पष्ट दिसलं की ते एआयने लिहिलंय. बी-वनचा माणूस अशी लांबलचक, अलंकारिक वाक्यं लिहीत नाही. पत्र सी-वनचं, म्हणजे दोन पातळ्या वरचं, आणि मुलाखतीत पहिल्या प्रश्नाला अडखळणं, हे इथे फार वाईट दिसतं. तपासायला मदत घ्या, पण वाक्यं छोटी आणि तुमची ठेवा. बी-वन आहे, बी-टूचा वर्ग सुरू आहे, परीक्षा अमुक महिन्यात, एवढं सरळ लिहा आणि प्रमाणपत्र जोडा.

मांडणीबद्दल फार काळजी नको, पण जे आहे ते काटेकोर आहे. पत्र एका पानाचं, ए-फोर, मांडणी डीआयएन ५००८ या प्रमाणाप्रमाणे. विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि जाहिरातीचा संदर्भ क्रमांक असतो, «विषय» हा शब्द लिहायचा नसतो. पदाच्या नावापुढची एम-डब्ल्यू-डी ही अक्षरं उचलू नका. ती स्त्री, पुरुष वा इतर कोणीही चालेल हे सांगण्यासाठी असतात, आणि ती तशीच चिकटवलेली दिसली की उमेदवाराने काय वाचलं असा प्रश्न पडतो. «रिस्पेक्टेड सर» कायमचं सोडा. जाहिरातीत संपर्काच्या व्यक्तीचं नाव बहुतेक वेळा असतं, तिला आडनावाने संबोधा: झेअर गेएर्टे फ्राउ अमुक किंवा झेअर गेएर्टर हेर तमुक. नाव नसेल तरच दामेन उंड हेरेन (स्त्री-पुरुषहो). संबोधनानंतर स्वल्पविराम येतो आणि पुढचं वाक्य लहान अक्षराने सुरू होतं. शेवटी मिट फ्रॉइंडलिशन ग्र्यूसन, त्यापुढे मात्र स्वल्पविराम नाही. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती यांतलं काही नको. फोटो मागण्याचा हक्क कंपनीला नाही, तरी बरेच जण बायोडेट्यावर लावतात. तुमची मर्जी.

जाहिरातीत फोन नंबर असेल तर एकदा फोन करा. दोन नेमके प्रश्न तयार ठेवा, म्हणजे पुरवठादार कुठल्या देशांत आहेत, फिरती किती, असे. मग पत्राची पहिली ओळ «मंगळवारी फोनवर आपण दिलेल्या माहितीबद्दल आभार» अशी करता येते. बी-वनवर फोन करायला धाप लागते हे मला माहीत आहे, पण तुम्हाला जर्मन येतं का ही शंका त्या पाच मिनिटांत जितकी फिटते तितकी कुठल्याही प्रमाणपत्राने फिटत नाही.

जोडायच्या कागदांत तुमचं एक्स्पीरिअन्स लेटर पाहिलं. त्यात फक्त तारखा आणि पदनाम आहे. इथे नोकरी सोडताना कामाचं सविस्तर प्रशस्तिपत्र मिळणं हा नोकरदाराचा कायदेशीर हक्क आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला तशा कागदाची सवय असते. तुमच्या आधीच्या मॅनेजरना विनंती करून कंपनीच्या लेटरहेडवर तुम्ही नेमकी कोणती कामं करत होता ते पानभर लिहून घ्या. पत्र, बायोडेटा, प्रमाणपत्रं या क्रमाने एकच पीडीएफ करा.

नकारात कारण का देत नाहीत, असंही तुम्ही विचारलंय. २००६ पासून इथे समान वागणुकीचा कायदा आहे. कारण लिहून दिलं आणि त्यातून भेदभावाचा दावा उभा राहिला तर पंचाईत, म्हणून सगळे तेच गुळगुळीत वाक्य पाठवतात. त्यातून अर्थ काढत बसू नका.

पत्नी आणि मुलगी सोबत येणार हे पत्रात लिहू का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. नको. त्याने कंपनीच्या निर्णयात काही भर पडत नाही. करार हातात आल्यावर तो विषय काढा. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, त्यामुळे त्या आघाडीवर आत्तापासून धावपळ करायचं कारण नाही. मुलीचा जन्मदाखला आणि तुमचं लग्नाचं प्रमाणपत्र मात्र आत्ताच नीट पाहून घ्या. नावांची स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नसतील तर दुरुस्तीला वेळ लागतो.