सातवी चिप की सातवं सॉकेट?

प्रश्न : सासऱ्यांच्या तळघरात आयबीएमचा 5150 पीसी मिळाला. मदरबोर्डवर '64 केबी–256 केबी' छापलंय. रिकाम्या तीन ओळींत 4164 या मेमरीच्या 27 चिपा बसवून बोर्डावरचे स्विच लावले. आता सुरू करताना पडद्यावर आकडा येतो : आधी 10, शेवटाकडे 20 आणि मग 201. ती अख्खी ओळ बदलू का?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : पाकीट खिशातच ठेवा. मशीनने तुम्हाला संशयिताचा पत्ता घरनंबरासकट दिलाय.

201 म्हणजे मेमरीची तक्रार. सुरुवातीचे 10 म्हणजे पहिल्या 64 केबींनंतरची ओळ, बँक 1. (बँक 0 बोर्डावर झाळलेलीच असते.) मागचे 20 सांगतात बिट. 01, 02, 04, 08, 10, 20, 40, 80 असे क्रमाने आठ बिट, त्यातला हा सहावा. पण ओळीत चिपा नऊ, कारण डावीकडची पहिली पॅरिटीची, म्हणजे बाकी आठांची चूक पकडणारी. म्हणून मशीनचं तोंड आपल्याकडे ठेवून डावीकडून सातवी चिप बघा.

वीज बंद, वायर भिंतीतून काढलेली. मग ती चिप चपट्या स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकांना थोडी थोडी उचलून काढा आणि आधी तिचं पोट बघा. एखादा पाय आत दुमडलेला असतो आणि वरून सगळं झकास दिसतं! पाय सरळ असतील तर तिची नि त्याच ओळीतल्या तिसऱ्या चिपेची अदलाबदल करा. खाच बाकीच्यांसारख्याच दिशेला हवी. आता 20 च्या जागी 02 आलं तर चिप गेली, एक नवी आणा. 20 च राहिलं तर चिप निर्दोष, सॉकेट किंवा बोर्ड बघा. जुन्या सॉकेटवर गंज धरतो. चिप चार-पाचदा काढून-घालून बरेचदा काम होतं.

आठही बिट एकदम रुसले, म्हणजे 20 च्या जागी एफएफ आलं, तर चिपांच्या नादी लागू नका, स्विच बघा. बोर्डावर छोट्या स्विचांचे दोन गट असतात, एसडब्ल्यू1 आणि एसडब्ल्यू2. चारही ओळी भरल्यावर एसडब्ल्यू1 चे 3 आणि 4 दोन्ही बंद हवेत. एसडब्ल्यू2 एकूण मेमरी सांगतो, आणि लोक विसरतात तो हाच. तिथे जास्त सांगितलंत तर 201 येतो. कमी सांगितलंत तर तक्रार नाही, फक्त घातलेली मेमरी दिसत नाही. स्विच बॉलपेनने हलवा. पेन्सिलीचं शिसं आत सांडून नवंच दुखणं होतं.

प्रश्न : माझा बोर्ड '16 केबी–64 केबी'चा आहे. 4164 ला 16 पाय, सॉकेटलाही 16. चालेल ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बसेल. चालणार नाही. तुमच्या बोर्डाला 4116 ही मेमरी चिप लागते. तिला तीन व्होल्टेज लागतात आणि आठव्या पिनेवर 12 व्होल्ट येतात. 4164 ला त्याच पिनेवर 5 हवेत. सुरू करताक्षणी ती जाईल. 4116 च्या चारही ओळी भरून 64 केबी करा, त्यापुढची मेमरी स्लॉटमधल्या कार्डावर. चिपा बसवण्याआधी मल्टिमीटरने पहिल्या पिनेवर उणे 5 व्होल्ट येतायत का तेवढं बघा. ते नसतील आणि 12 असतील, तर 4116 सुद्धा जळते.