पावसात कपडे घरात वाळवायचे, पण भिंतींना ओल नको: वाचकांचे प्रश्न

मिरग सुरू झाला की या पानावर येणारे निम्मे प्रश्न ओल, बुरशी आणि कुबट वासाचेच असतात. यंदा ते सगळे एकत्र घेतले, कारण मुळात गोष्ट एकच आहे, कपड्यातलं पाणी कपड्यातून निघून जातं कुठे?

प्रश्न (फोंडा): आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. पावसाची झड थेट आत यायची म्हणून बाल्कनीला स्लायडिंग काचा लावून घेतल्या. आता कपडे बेडरूममध्ये स्टँडवर घालते, खिडक्या बंद, फॅन फुल्ल, तरी दोन दोन दिवस वाळत नाहीत आणि टॉवेलना वास मारतो. परवा कपाट जरा पुढे ओढलं तर मागे भिंतीवर काळे ठिपके! सासूबाई म्हणतात खिडक्या उघड, मिस्टर म्हणतात बाहेरची दमट हवा आत येईल. धाकटीला सारख्या शिंका असतात म्हणून जास्त काळजी वाटते. कोणाचं ऐकू?

उत्तर: ताई, तुमच्या घरात आज जशी व्यवस्था आहे त्यात सासूबाईंचं ऐका. मिस्टरांचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते तेव्हाच लागू होतं जेव्हा बंद खोलीत पाणी खेचणारं मशीन चालू असेल. मशीन नाही आणि खिडक्याही बंद, हे सगळ्यात वाईट, आणि बहुतेक घरांत नेमकं हेच चाललेलं असतं.

का ते सांगते. पाच किलो सुके कपडे मशीनमधून स्पिन होऊन बाहेर येतात तेव्हा त्यात साधारण अडीच ते तीन लिटर पाणी असतं. खोटं वाटत असेल तर किचनच्या वजनकाट्यावर एक टॉवेल स्पिन झाल्यावर ठेवून बघा आणि पूर्ण वाळल्यावर परत ठेवा, अर्ध्या किलोच्या टॉवेलमध्ये अडीचशे तीनशे ग्रॅम पाणी सहज निघतं. आता खोलीचा हिशोब. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, म्हणजे साधारण 34 घनमीटर हवा. 28 डिग्रीला ही सगळी हवा मिळून जास्तीत जास्त नऊशे ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते, आणि जुलैमध्ये आपल्याकडे हवा आधीच 85 टक्के भरलेली असते, त्यामुळे शिल्लक जागा दीडशे ग्रॅमचीसुद्धा नाही. तीन लिटर पाणी त्यात मावणार कसं? ते भिंतीत, गादीत, कपाटाच्या प्लायवूडमध्ये आणि पडद्यांत शिरतं. कपाटामागे हवा फिरत नाही, त्यात ती भिंत बाहेरून पावसाने भिजून गार झालेली असली की ठिपके पहिले तिथेच येतात. फॅन पाणी नाहीसं करत नाही, तो कपड्यातलं पाणी हवेत पाठवतो एवढंच, पुढे त्या हवेला बाहेर जायला वाट आपण द्यायची.

म्हणून पहिलं काम, कपडे बेडरूममधून काढा आणि त्या बंद बाल्कनीतच घाला. बाल्कनीचं आतलं दार बंद ठेवा आणि काचांची दोन्ही टोकं वीतभर उघडी ठेवा म्हणजे एका बाजूने हवा आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. आपल्याकडे पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिम नैऋत्येकडून येतो, तेव्हा झड त्या अंगाने येते, त्या वेळी ते टोक बोटभरच उघडं ठेवून उत्तर पूर्वेकडचं मोकळं सोडायचं. बाहेरची हवा दमट असतेच, पण ओल्या कपड्यांना चिकटून असलेली हवा तिच्याहून दमट असते, ती हलली आणि बाहेर गेली की नवीन हवा थोडं थोडं पाणी घेऊन जात राहते. टेबल फॅन लावत असाल तर तो कपड्यांच्या रांगेला समांतर ठेवा, म्हणजे हवा कपड्यांमधून सरळ उघड्या काचेकडे जाईल.

बाल्कनीत जागा कमी पडली तर बाथरूम. एक्झॉस्ट फॅन चालू ठेवायचा, बाथरूमची खिडकी मात्र बंद करायची आणि दार इंचभर उघडं. खिडकी उघडी असेल तर फॅन शेजारच्या खिडकीतूनच हवा ओढून परत बाहेर टाकतो आणि कपड्यांना त्याचा काही फायदा होत नाही, हे फार जणांच्या लक्षातच येत नाही.

आणि पाणी खोलीत येण्याआधीच जितकं काढता येईल तितकं काढा. धुणं संपल्यावर नुसतं स्पिन परत एकदा लावा. मशीनला 1200 आरपीएमचा पर्याय असेल तर टॉवेल, चादरी, जीन्स त्यावरच, 800 वर कपडे बरेच ओले राहतात. एकदम सात किलो धुण्यापेक्षा रोज थोडं धुतलेलं बरं, कारण तुमची बाल्कनी एका दिवसात किती पाणी बाहेर घालवू शकते त्याला मर्यादा आहे. कपडे झटकून घाला, दोन कपड्यांत चार बोटं अंतर सोडा, जीन्स उलटी करून खिसे बाहेर काढून ठेवा, चादर दोरीवर दुहेरी टाकू नका.

टॉवेलच्या वासाचं असं आहे की कपडा फार वेळ ओला राहिला की त्यात बॅक्टेरिया वाढतात, आणि यातले काही इतके चिवट असतात की साध्या गार पाण्याच्या धुण्याने आणि वाळवण्याने मरतच नाहीत, परत ओल मिळाली की परत वास. टॉवेल आणि बनियन एकदा 60 डिग्रीच्या गरम पाण्यात धुवून काढा, आणि मशीनचं दार धुणं झाल्यावर उघडं ठेवा. जास्त फॅब्रिक कंडिशनर ओतू नका, वास झाकला जातो फक्त आणि टॉवेल पाणी टिपेनासे होतात.

ठिपक्यांचं आजच बघा. कोरड्या ब्रशने घासू नका, बुरशीचे कण खोलीभर उडतात, मुलीला खोलीबाहेर ठेवा, मास्क लावा, साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या आणि भिंत फॅनने सुकवा. ब्लीच वापरणार असाल तर त्यात टॉयलेटचं ॲसिड किंवा व्हिनेगर चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. मग कपाट भिंतीपासून तीन चार इंच पुढेच ठेवा, कायमचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ओलसर घर आणि दमा, श्वासाचे त्रास यांचा संबंध स्पष्ट मांडलेला आहे, तेव्हा मुलीच्या शिंकांना नुसती पावसाची सर्दी समजू नका, डॉक्टरांना घरातल्या बुरशीचं आवर्जून सांगा.

प्रश्न (पेडणे): आमचं जुनं चिऱ्यांचं घर, कौलारू. आई आधी चुलीवर दोरी बांधून कपडे सुकवायची, आता चूल नाही म्हणून गॅस बारीक करून वर कपडे धरतो. भिंतीला मागच्या वर्षी प्लास्टिक पेंट मारला, यंदा खालून फुगे येऊन पोपडे पडायला लागलेत. कपड्यांमुळे होतंय का?

उत्तर: गॅसवर कपडे सुकवणं आधी बंद करा, दादा. आग लागायची भीती तर आहेच, पण शिवाय गॅस जळताना स्वतः पाणी तयार करतो, एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या आसपास वाफ. म्हणजे 14.2 किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत घरात वीस लिटरच्या वर पाणी सोडतो. चुलीतूनही वाफ निघायचीच, पण कौलांच्या फटीतून धूर, वाफ, गरम हवा सगळंच वर निघून जायचं म्हणून ते जमून जायचं. आता तुमच्या स्वयंपाकघराला सीलिंग असेल तर ती वाट बंद झाली.

पोपड्यांचं कारण मात्र बहुतेक वेगळं असणार. चिरा हा सच्छिद्र दगड, पाणी पितो आणि नंतर हळूहळू सोडतो. जुना चुन्याचा गिलावा त्याला सोडू द्यायचा, प्लास्टिक पेंट आणि सिमेंट ते अडवतात, मग पाणी पेंटच्या मागे साठून फुगे येतात. खात्री करायची असेल तर भिंतीचा हातभर भाग आधी कोरड्या फडक्याने पुसा, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दोन दिवस ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या अंगाला पाणी धरलं तर ओल हवेतून येतेय, म्हणजे कपडे, स्वयंपाक वगैरे. भिंतीकडच्या अंगाला पाणी दिसलं तर ती भिंतीतूनच येतेय आणि मग कपडे कितीही बाहेर नेले तरी पोपडे थांबणार नाहीत. त्या केसमध्ये आत्ता भर पावसात काही रंगवू नका, पैसे वाया जातील. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी साठत असेल तर ते पहिलं लांब काढा, आणि पाऊस संपून भिंत नीट सुकली की सुटलेला पेंट खरवडून चुना लावा. कपडे बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) किंवा मागच्या पडवीत वरून छप्पर आणि दोन बाजू मोकळ्या अशा जागी घाला, जुन्या घरांना ही सोय आहे ती फ्लॅटवाल्यांना मिळत नाही, तिचा उपयोग करून घ्या.

प्रश्न (मडगाव): डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी खेचणारं मशीन) घ्यावा की ड्रायर? की एसीचा ड्राय मोड पुरेल?

उत्तर: चार माणसांचं घर असेल आणि बाहेर दोरीला जागाच नसेल तर माझं मत डीह्युमिडिफायरला. कॉम्प्रेसरवाला घ्या. खोक्यावर लिहिलेले दिवसाला 12 लिटर, 20 लिटर हे आकडे बहुतेक 30 डिग्री आणि 80 टक्के आर्द्रता धरून दिलेले असतात, थंड प्रदेशात तेवढं पाणी मिळत नाही पण आपली पावसाळी हवा त्याच्या जवळपासच असते म्हणून इथे तो चांगला चालतो. अडीचशे वॅटचा असेल तर आठ तासांना दोन युनिट. तो चालू असताना खोली बंदच हवी, खिडकी उघडी ठेवलीत तर तो बाहेरच्या पावसाळी हवेशी झुंजत बसेल. थोडी ऊब पण सोडतो, त्याने कपडे लवकर वाळतात. सोबत डिजिटल हायग्रोमीटर घ्या, तो खोलीतली आर्द्रता टक्क्यांत दाखवतो आणि काही शे रुपयांत मिळतो. 60 च्या आसपास आणलंत तर उत्तम, पण रात्रभर 80 च्या वर आकडा राहिला तर बुरशी येणार हे धरून चाला.

ड्रायर झटपट आहे पण दोन हजार वॅटच्या आसपास वीज खातो, वायरिंग जुनं असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. पाइपवाला असेल तर पाइप खिडकीबाहेर गेलाच पाहिजे, पाइप घरातच सोडला तर सगळी वाफ घरात. कंडेन्सर किंवा हीट पंपवाला पाणी टाकीत जमवतो, तो फ्लॅटला बरा.

ड्राय मोडने थोडी मदत होते पण खोली गार होत जाते आणि गार खोलीत कपडे हळू वाळतात. त्यात एक धोका आहे, एसीच्या खोलीची मधली भिंत गार होते आणि पलीकडच्या खोलीत ओले कपडे असतील तर त्या भिंतीला पाणी सुटतं. हॉलमध्ये कपडे आणि बेडरूममध्ये रात्रभर एसी असं असेल तर ती भिंत हात लावून तपासत चला. कपाटात ठेवायच्या, ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या कपाटापुरत्या ठीक, खोलीतलं दोन तीन लिटर पाणी त्या काढू शकत नाहीत, आणि खाली जमणारं पाणी त्वचेला झोंबतं, पोरांपासून लांब ठेवा.

प्रश्न (ताळगाव): मी शिकायला आलोय, एकच खोली, एक खिडकी, बाल्कनी नाही, मशीन नाही. हाताने पिळून कपडे पलंगाच्या दांडीवर टाकतो. काय करू?

उत्तर: पिळल्यावर कपडा सुक्या टॉवेलवर पसरून गुंडाळी कर आणि वरून गुडघ्याने दाब, हाताने पिळून निघत नाही ते बरंच पाणी टॉवेल टिपतो, तो टॉवेल मात्र मग खिडकीतच वाळवायचा. पलंगाच्या दांडीवर नको, गादी ओल धरते. खिडकीपासून हातभर आत दोरी बांध आणि शर्ट हँगरवर लाव. दाराखाली किंवा दारावर हवा यायला फट असेल तर ती कधी बुजवू नको, एकच खिडकी असली की हवेला दुसरी वाट तीच. उघडीप मिळाली की खिडकी आणि दार दोन्ही सताड उघड, अर्धा तास का होईना. पूर्ण न वाळलेला शर्ट इस्त्रीने वाळवायचा असेल तर इस्त्री खिडकीशी उभा राहून कर आणि कपडा लगेच घडी घालून बॅगेत टाकू नको, थोडा वेळ हँगरवर राहू दे.