कंपनीतले ६०-७० जुने संगणक भंगारात द्यायचेत. नियमानं काय करावं लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धुळ्याला अवधान एमआयडीसीत कंपनी, विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी सुरक्षा अपडेट, संपल्यामुळे ६०-७० संगणक एकदम बाद झालेत, सोबत दोन सर्व्हर आणि यूपीएस. भंगारवाला वजनावर रोख न्यायला तयार आहे, पण साहेबांनी 'कायदेशीर काय ते बघा' म्हणून फाइल तुमच्या टेबलावर टाकलीय.

मी जळगावला एका कारखान्यात लेखा आणि संगणक अशी दोन्ही खाती सांभाळतो. लहान कंपनीत हे असंच असतं. अशी विल्हेवाट दोनदा लावली आहे, एकदा चुकीची आणि एकदा बरी. आधी चुकीची सांगतो.

आधीच्या नोकरीत आम्ही तीसेक संगणक भंगारात दिले. पावतीचं विचारलं तर माणूस हसून म्हणाला, "साहेब, कागदनं काय काम शे? पैसा रोख लई ल्या." घेतले. डिस्क मी स्वतः 'फॉरमॅट' केल्या होत्या, त्यामुळे मनात शंका नव्हती. महिन्याभरानं एका दुरुस्तीवाल्या पोराचा फोन आला. त्यानं जुनी डिस्क विकत घेतली होती, आणि एका फुकटच्या सॉफ्टवेअरनं तिच्यातून आमचं पगारपत्रक बाहेर आलं होतं. नावं, पॅन, बँक खाते क्रमांक, सगळं. पोरगा सज्जन निघाला, डिस्क परत आणून दिली, चहा पिऊन गेला. दुसऱ्या कुणाच्या हाती लागली असती तर?

झटपट फॉरमॅटनं डेटा जात नाही, फक्त अनुक्रमणिका फाटते. पुस्तकाची पानं तशीच राहतात.

म्हणून कायद्याच्या आधी मोजणीचं सांगतो. तीन आकडे काढा: मालमत्ता रजिस्टरवर किती यंत्रं, खोलीत प्रत्यक्ष किती, आणि डिस्क किती. हे आकडे कधीच जुळत नाहीत, आणि सगळी भानगड त्या फरकात असते. गेल्या खेपेला आमच्या रजिस्टरवर ६६ संगणक-सर्व्हर होते, खोलीत ६१ निघाले. पाचपैकी दोन भुसावळच्या गोदामात चालू होते, एक निवृत्त झालेल्या साहेबांच्या घरी, एक सुट्या भागांसाठी कधीतरी उघडून संपवलेला. पाचवा आजही रजिस्टरवर 'आढळला नाही' म्हणून आहे. डिस्क मात्र निघाल्या ७४! दोन्ही सर्व्हरमध्ये चार-चार. बाकीच्या ५९ पैकी तिघांत डिस्कच नव्हती, म्हणून ५६. सहा सुट्या, ड्रॉवरमध्ये, जुन्या बिलांच्या खाली. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या डब्यात, दोन, एक बॅकअपची बाहेरची, आणि एक झेरॉक्सच्या मोठ्या मशीनमध्ये. ही शेवटची कुणाच्याच ध्यानात नसते. मोठ्या झेरॉक्स-प्रिंटर मशीनमध्ये बऱ्याचदा हार्डडिस्क असते आणि स्कॅन केलेले कागद तिच्यात राहू शकतात. तुमची मशीन भाड्याची असेल तर परत देताना हे लेखी विचारा.

प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक लिहून घ्या, मोबाइलवर फोटोही काढा. कंटाळवाणं काम आहे, दोन दिवस जातात. पण पुढचे सगळे कागद याच यादीवर उभे राहतात.

पुसण्याआधी लेखापालांना विचारा की जुन्या मशीनवर हिशेबाचं काही अडकलंय का. कंपनी कायद्यानं हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं ठेवावी लागतात. कुठल्यातरी कोपऱ्यातल्या संगणकावर २०१९ चा टॅलीचा डेटा एकुलता एक असायचा, आणि तुम्ही तोच पुसून मोकळे व्हायचे.

आता पुसायचं कसं. साध्या, फिरणाऱ्या हार्डडिस्कवर सगळी जागा एकदा पूर्ण लिहून काढली की पुरे. तीन वेळा, सात वेळा पुसायची पद्धत जुन्या काळची, त्यात नुसती वीज जळते. ५०० जीबीच्या डिस्कला दीड-दोन तास लागतात. आम्ही चार-चार जोडून रात्री लावून जायचो. एसएसडीचं, म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचं, गणित वेगळं. तिच्यात काही राखीव जागा असते, तिथवर वरून लिहिलेलं पोचत नाही. त्यामुळे बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर किंवा बायोसमधली (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमधली) 'सिक्युअर इरेज' आज्ञाच वापरायची. चुंबकानं पुसणारी यंत्रं एसएसडीवर काहीच करत नाहीत. तसं कुणी विकायला आलं तर चहा पाजून वाटे लावा.

ज्या डिस्क चालूच होत नाहीत त्या फोडायच्या. आमच्या फिटरनं बेंच ड्रिलवर एकेकीला तीन भोकं पाडली. पहिल्याच लॅपटॉपच्या डिस्कला ड्रिल लागल्याबरोबर आत काच फुटल्यासारखा खळ्ळ आवाज आला, कारण लॅपटॉपच्या बऱ्याच डिस्कच्या चकत्या काचेच्याच असतात. चष्मा घातल्याशिवाय हे करू नका. एसएसडीत मधोमध भोक पाडून उपयोग नाही, प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे. आणि लॅपटॉपची बॅटरी चुकूनही ड्रिलखाली जाऊ देऊ नका, पेट घेते. फुगलेल्या बॅटऱ्या वेगळ्या काढा आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात त्या शेडमध्ये काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता कायदा. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम २०२२ चे, लागू झाले १ एप्रिल २०२३ पासून. त्यात 'मोठा ग्राहक' म्हणजे आर्थिक वर्षात केव्हाही १,००० किंवा जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरणारी संस्था. तिनं ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांनाच द्यायचा. तुम्ही म्हणाल, आमचे तर सत्तरच संगणक. पण नियमांतली वस्तूंची यादी २१ वरून १०६ प्रकारांपर्यंत वाढलीय. फोन, प्रिंटर, एसी, दिवे असं सगळं धरून मोजा. मध्यम कारखाना हजाराच्या बराच जवळ जातो. आकडा खाली आला तरी माझं मत: नोंदणीकृतालाच द्या. उद्या एखादा मोठा गिऱ्हाईक ऑडिटला येतो आणि 'जुने संगणक कुठे गेले' विचारतो, तेव्हा 'भंगारवाला नेऊन गेला' हे उत्तर चालत नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. डेटा सांभाळण्यात हयगय केली तर त्यात २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुमच्या-आमच्या पगारपत्रकावर कुणी तेवढा लावेल असं नाही, पण साहेबांना पटवायला हा आकडा बरा पडतो.

भंगारातून पुढे काय होतं ते ठाऊक असलेलं बरं. बोर्ड दिल्लीच्या सीलमपूरला, मुरादाबादला जातात. तिथे तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतात, आणि उरलेलं नाल्यात. भंगारवाला तुम्हाला किलोमागे जास्त देऊ शकतो, कारण आम्लाची विल्हेवाट लावायचा खर्च त्याच्या हिशेबात नाही. नोंदणीकृताचा दर कमी आला म्हणून साहेब नाक मुरडतील, तेव्हा हे सांगा.

नोंदणीकृत कोण, ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर दिसतं. शंका असेल तर राज्य मंडळाचं जळगावला उपप्रादेशिक कार्यालय आहे, तिथे जाऊन विचारलेलं चांगलं. गोम इथे आहे: मधले लोक दुसऱ्याच कारखान्याच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन फिरतात. म्हणून प्रमाणपत्रावरचा पत्ता, नोंदणीची मुदत आणि क्षमता बघा, आणि त्या कारखान्याला थेट फोन लावा. बिल आणि चलानावर त्याच कारखान्याचं नाव हवं, पैसेही त्याच्याच बँक खात्यातून यायला हवेत. एकानं आमच्याकडे कागद पुण्याच्या कारखान्याचा दाखवला आणि म्हणाला, रक्कम मी रोख देतो. त्याला तिथेच राम राम केला.

माल निघाला की वजनाची पावती, जीएसटी बिल, वाहतुकीचं चलान आणि नंतर पुनर्चक्रणाचं प्रमाणपत्र घ्या. 'संगणक साहित्य, एक लॉट' असं मोघम प्रमाणपत्र घेऊ नका. तुमची अनुक्रमांकांची यादी त्याला जोडलेली आणि शिक्का मारलेली असावी. डिस्क नष्ट केल्याचा कागद वेगळा.

जीएसटीचं सीए बघतीलच, तरी डोक्यात ठेवा. यंत्रावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, घेतलं असेल तर जीएसटी कायद्याचं कलम १८(६) लागतं. तिमाहीला ५ टक्के कमी होत पाच वर्षांत क्रेडिटपोटी परत भरायची रक्कम शून्य होते, पण विक्रीच्या रकमेवर कर भरावाच लागतो. रजिस्टरमधून यंत्रं कमी करायचा ठरावही तेव्हाच घ्या, नाहीतर मेलेले संगणक वर्षानुवर्षं ताळेबंदात जिवंत राहतात.

यूपीएसच्या बॅटऱ्या ई-कचऱ्यात घालू नका. त्यांना २०२२ चे वेगळे बॅटरी नियम आहेत. नवीन बॅटऱ्या घेणार असाल तर विक्रेता जुन्या परत घेतो, शिशामुळे भावही बरा मिळतो. बिलावर जुन्यांची संख्या लिहून घ्या म्हणजे झालं.

शाळेला द्यायचा विचार असेल तर जरूर द्या, पण चालणारेच. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणून तुमच्यातले बरेच नुसते वयानं बाद झालेत, कामानं नाही. आम्ही दहा निवडले, नवी एसएसडी घातली, लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) टाकलं आणि यावलकडच्या एका आश्रमशाळेला देऊन आलो. देणगीपत्र करून घेतलं. डबडी देऊन फोटो काढणाऱ्यांचा मला राग आहे, कारण वर्षभरात ती शाळेच्या व्हरांड्यात भंगार होऊन पडतात.

एक अडचण येईल. नाशिक-पुण्याची गाडी थोड्या मालासाठी धुळ्यापर्यंत यायला तयार होत नाही. तुमच्या एमआयडीसीत आणखी दोघा-तिघांना विचारा, सगळ्यांकडे असं अडगळीचं खोपटं असतंच. फक्त प्रत्येकाचं वजन, बिल आणि यादी वेगळी ठेवा. आम्ही शेजारच्या चटई कारखान्याला सोबत घेतलं होतं. गाडी दारात उभी असताना त्यांच्या मालात दोन जुने डीव्हीआर निघाले, आतल्या डिस्क तशाच. ड्रायव्हर वैतागला, पण आमच्या फिटरनं परत ड्रिल लावलं, आणि गाडी तासभर उशिरा सुटली.