अंबडमधून स्टुटगार्टला टीम सांभाळायला जाताना

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून तुमच्या हाताखाली साठ माणसं आहेत, चार महिन्यांनी जर्मनीत स्टुटगार्टजवळ सुट्या भागांच्या कारखान्यात चौदा जणांचा विभाग घ्यायचाय, तर तिथे चांगला प्रमुख कशाला म्हणतात आणि आत्तापासून काय तयारी करावी. बहुतेक जण पगार आणि घरभाडं विचारतात. तुम्ही हे विचारलंत याचा मनापासून आनंद झाला, कारण बरेच हुशार मॅनेजर नेमके इथेच अडतात.

आपल्याकडे मॅनेजरची किंमत तो किती लवकर धावून जातो यावर ठरते. मशीन बंद पडलं, माल आला नाही, डिस्पॅच अडला, की मॅडमना फोन. मॅडम आल्या, सुटलं. जर्मनीत तुम्हाला जोखलं जाईल ते तुम्ही दोन आठवडे रजेवर असताना विभाग कसा चालला यावर. तुमच्यावाचून नीट घेतले जाणारे निर्णय वाढवत नेणं हेच तिथे तुमचं मुख्य काम, आणि त्याचा सराव अंबडमध्येच करता येतो. नोटीस पिरियड त्यासाठी उत्तम.

एक वही घ्या. तुमच्याकडे निर्णयासाठी आलेली प्रत्येक गोष्ट दोन आठवडे लिहा: कोण आलं, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं. वही चाळलीत की तेच ते प्रश्न पुन्हापुन्हा दिसतील. ओव्हरटाइमला कोणाला थांबवू, रीवर्क आधी की नवा लॉट, टूल बदलू का. जे तीनदा आलं त्याचा एका ओळीचा लेखी नियम करा आणि लाइन लीडरला हक्क द्या, मर्यादेसकट: अमुक रकमेपर्यंत, अमुक नगांपर्यंत तुम्हीच ठरवा, त्यापुढे मला फोन. काम सोपवताना चार गोष्टी ठरलेल्या हव्यात: शेवटी काय हवं, कधीपर्यंत, कुठपर्यंतचा अधिकार, आणि मध्ये कधी बघायचं. यातली चौथी राहिली की घोटाळा होतो. मधली तारीख ठरलेली नसते, त्यामुळे तुम्हाला काळजी वाटते, तुम्ही रोज डोकावता, आणि पहिल्या उशिराला काम परत स्वतःकडे ओढता. एकदा ओढलंत की पुढचे सहा महिने कोणी जबाबदारी घेत नाही.

सकाळच्या दहा मिनिटांच्या मीटिंगमध्ये सगळ्यात शेवटी बोला. गेर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाच्या मोजपट्टीवर सत्तेतलं अंतर, म्हणजे वरिष्ठाचा अधिकार खालचे किती निमूट मानतात ते, भारतात ७७, जर्मनीत ३५ येतं. शॉपफ्लोरवर त्याचा अर्थ असा की अंबडमध्ये तुम्ही मत मांडलंत की चर्चा संपते, आणि तिथला वीस वर्षांचा अनुभवी माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन झालेला मुख्य कारागीर, सर्वांसमोर सांगेल की तुमचं म्हणणं चुकतंय. त्यात अपमान नसतो. त्याला कारण विचारा, आकडे मागा, पटलं तर तिथल्या तिथे निर्णय बदला. मात्र एकदा ठरलं की त्याच दिवशी दोन ओळींत लिहून पाठवा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. नंतर फोनवरून परस्पर बदल करू नका. आपल्याकडे संध्याकाळच्या गाडीसाठी प्लॅन तीनदा बदलला तर ती चपळाई समजतात. तिथे तेच केलंत तर तुमच्या शब्दावरचा भरवसा जातो.

'हो, करून टाकू' ही सवयही इथेच सोडा. जमणार नसेल तर आधी सांगा: ‘शुक्रवारपर्यंत अर्धं होईल, उरलेलं बुधवारी.’ तारीख नसलेला होकार तिथे पक्का समजून पुढचं नियोजन लावतात, आणि मग सगळा घोळ होतो.

आता कायदा, कारण तिथे माणसं सांभाळणं कायद्याच्या चौकटीतच होतं. दिवसाचं काम ८ तास. १० तासांपर्यंत नेता येतं, पण ६ महिन्यांची किंवा २४ आठवड्यांची सरासरी ८ वर यायला हवी. दोन पाळ्यांमध्ये सलग ११ तास विश्रांती. ६ तासांपेक्षा जास्त कामाला ३० मिनिटं सुट्टी, ९ पेक्षा जास्त असेल तर ४५. म्हणजे रात्री दहाला घरी गेलेल्याला सकाळी सहाला बोलावता येत नाही, तो स्वतः तयार असला तरी.

दुसरी गोष्ट बेट्रीब्सराट, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ. मतदानाचा हक्क असलेले किमान पाच कायम कामगार असतील तिथे ते निवडता येतं. याला आपल्याकडच्या युनियनसारखं समजू नका. वेतनवाढीच्या वाटाघाटी साधारणपणे बाहेरची संघटना करते, हे मंडळ कंपनीच्या आतलं असतं. ओव्हरटाइम लावणं, पाळीची वेळ बदलणं, कामगारांच्या कामगिरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बसवणं, याला त्यांची संमती लागते. अंबडमध्ये ऑपरेटरच्या नावासकट उत्पादन दाखवणारा स्क्रीन सर्रास लावतात. तिथे न विचारता लावलात तर पहिल्याच महिन्यात प्रकरण होईल. कोणालाही कामावरून कमी करण्याआधी मंडळाचं म्हणणं ऐकावं लागतं, प्रोबेशनमध्येसुद्धा, नाहीतर ती नोटीस रद्दच ठरते. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांच्या प्रमुखाला भेटा, आणि बदलाचा कच्चा आराखडा हातात असतानाच त्यांच्याकडे जा. पक्का करून नेलात तर अडवतील, आणि रास्तच अडवतील.

चूक दाखवण्याची पद्धत आधी मराठीत पक्की करा. कधी-कुठे, काय घडलं, त्याचा परिणाम, आणि मग प्रश्न. ‘मंगळवारी दुसऱ्या पाळीत पहिल्या नगाच्या तपासणीची नोंद नव्हती. चाळीस नग रीवर्कला गेले. काय अडलं होतं?’ इतकंच. ‘तुम्ही नेहमीच निष्काळजी’ हे वाक्य कुठल्याच भाषेत उपयोगाचं नाही. दोन दिवसांच्या आत बोला, एकट्याशी बोला. कौतुकही असंच नेमकं करा. स्टुटगार्टकडच्या स्वाबियन लोकांत म्हणच आहे की ओरडले नाहीत म्हणजे कौतुक झालं, त्यामुळे तुमच्या साहेबांकडून शाबासकी आली नाही तर मनाला लावून घेऊ नका.

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या विभागांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथली माणसं चूक लपवत नव्हती, एवढंच. तुमच्या विभागातही सुरुवातीला बिघाडाच्या आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या नोंदी वाढल्या तर घाबरू नका. पहिली चूक सांगायला आलेल्याशी तुम्ही कसं वागता हे उरलेले तेरा जण बघत असतात.

दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाशी अर्धा तास एकट्याने बोला. चौदा जणांचे सात तास होतात, आठवड्याला साडेतीन. ते जास्त नाहीत. पहिली वीस मिनिटं समोरच्याची. ‘काम कुठवर आलं’ एवढंच विचारलंत तर तो नुसता रिपोर्ट होतो, म्हणून ‘काय अडतंय’ आणि ‘माझ्यामुळे काय अडतंय’ हे विचारा. दोनदा भेट रद्द केलीत तर तिसऱ्यांदा माणूस खरं बोलणार नाही.

अंबडमध्ये ‘माझ्यामुळे काय अडतंय’ याला समोरासमोर खरं उत्तर मिळणार नाही, मॅडमपुढे कोण बोलणार? बिननावाच्या चिठ्ठ्या एचआरकडून मागवा. त्यातली एकच गोष्ट निवडा आणि जाईपर्यंत बदलून दाखवा.

आपलं सगळंच टाकायचं नाही. बिघाडात डोकं शांत ठेवून पर्याय काढणं आणि माणसाच्या घरची खबर ठेवणं ही आपल्या लोकांची मोठी ताकद आहे. फक्त तिथे घरचं, विशेषतः आजारपणाचं, खोदून विचारू नका. सांगितलं तर ऐका.

भाषा: मीटिंगा इंग्रजीत चालतील, मशीनजवळ जर्मनच लागेल. बी१ (जर्मनची मधली पातळी) पर्यंतचा अभ्यास नाशिकमध्येच उरका, परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात देता येते.

पहिले चार आठवडे काही बदलू नका, फक्त विचारा. सहाव्या आठवड्यापर्यंत लोकांनीच मागितलेली एक छोटी दुरुस्ती करून द्या. प्रोबेशन जास्तीत जास्त ६ महिन्यांचं असतं आणि त्यात साधारणपणे दोन आठवड्यांच्या नोटिशीवर दोन्ही बाजूंना सुटता येतं, म्हणून तिसऱ्या महिन्याच्या शेवटी साहेबांची वेळ स्वतःहून मागा, काय चाललंय आणि काय चालत नाहीये ते स्पष्ट विचारा, आणि ठरलेलं त्याच संध्याकाळी ई-मेलवर पाठवा.