कारण तू सांगू नकोस

पोरी,

तुझा निरोप चार वेळा वाचला. थकव्याबद्दल त्यात दीड ओळ आहे आणि उरलेल्या सात ओळींत कारणं. रात्री फोन बघत बसते, नोकरी नवी आहे, प्रवास होतो, व्यायाम सुटला, आणि सगळ्यात शेवटी 'कदाचित मी आळशीच असेन'. त्या दीड ओळीत तू लिहिलंयस की केस धुवायचे म्हटले की आदल्या दिवसापासून धास्ती वाटते, आणि धुऊन झाले की ओल्या केसांनीच पलंगावर पडून राहावं लागतं. मी तिथेच अडकले. आळस असा नसतो गं.

एवढ्यासाठी डॉक्टरांकडे जायचं का, असं विचारलंयस. जायचं. तीन महिने अंगावर काढलंस तेवढं पुरे झालं. मला बोलायचंय ते डॉक्टरांसमोर बसल्यावर तोंडातून काय निघतं त्याबद्दल, कारण माझी चार वर्षं तिथेच गेली.

मी तेव्हा पस्तिशीत होते. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, "थकवा येतो हो, पण घर, नोकरी, दोन लहान मुलं, ओढाताण होतेच ना." त्यांनी मान डोलावली, टॉनिक लिहून दिलं, विश्रांती घ्या म्हणाले. आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि तेच वाक्य, त्याच सुरात, पुन्हा म्हटलं. त्यांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १२.२. बायकांसाठी रेघ १२ ची, म्हणजे मी रेघेच्या वर. रिपोर्टवर एकही आकडा ठळक अक्षरांत नव्हता. मी ओशाळून घरी आले, जणू काही खोटं बोलताना पकडली गेले होते.

आणि मी काय सांगितलं नव्हतं? वेणी घालताना हात दोनदा खाली घेऊन मांडीवर टेकवावे लागायचे, हे सांगितलं नव्हतं. जिन्याच्या वळणावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधल्यासारखं करायचे, म्हणजे मागून येणाऱ्याला दम लागलेला कळू नये, हे सांगितलं नव्हतं. आजारपण म्हणून सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही. मी थेट कारण सांगितलं. आणि कारण एवढं पटण्याजोगं होतं की पुढे कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

म्हणून सांगते: कारण तू सांगू नकोस. काय घडतं ते सांग. कारण शोधणं डॉक्टरांचं काम आहे, आणि तू ते आधीच करून ठेवलंस तर त्यांना दिवसभरात पाहायच्या पन्नास पेशंटमधली एक सोपी केस मिळते.

तिसऱ्या डॉक्टर बाईंनी मला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, "कशामुळे ते मी बघते. तुम्ही सकाळी डोळे उघडल्यापासून सुरू करा." मग त्यांनी पाळीबद्दल विचारलं. मी म्हटलं, नॉर्मल आहे. "नॉर्मल म्हणजे? पहिल्या दोन दिवसांत पॅड किती वेळाने बदलता?" मी म्हटलं, दीड-दोन तासांनी. त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्या आईचं तसंच होतं, बहिणीचं तसंच होतं, मला ते जास्त आहे हे कळायला मार्गच नव्हता. त्यांनी फेरिटिन, म्हणजे शरीरात लोहाचा साठा किती आहे ते दाखवणारा रक्तातला आकडा, तपासायला लावलं. ते निघालं ६. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी १५ च्या खाली म्हणजे शरीरातला लोहाचा साठा आटला असं धरलंय. शरीर हिमोग्लोबिन शेवटपर्यंत सांभाळतं आणि तोवर कोठार रिकामं करत राहतं. त्यामुळे हिमोग्लोबिन रेघेवर आणि माणूस जिन्यावर बसलेला, असं होऊ शकतं. आणि लोह कमी आहे एवढ्यावरही त्या थांबल्या नाहीत. ते जातंय कुठे, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली, तिचे उपचार वेगळे झाले. गोळ्या कितीतरी महिने चालल्या, कारण हिमोग्लोबिन सुधारलं तरी कोठार भरायला वेळ लागतो. नेमका बदल कधी झाला ते सांगता येणार नाही. एका सकाळी वेणी घालून झाली आणि रबर लावताना लक्षात आलं की हात मध्ये एकदाही खाली आले नव्हते.

आता हे वाचून तू लोहाच्या गोळ्या आणशील. खबरदार. माझं लोह होतं म्हणून तुझं लोह, हेसुद्धा कारण सांगणंच झालं, फक्त ते माझ्याकडून उसनं घेतलेलं. नको असलेलं लोह शरीर सहज बाहेर टाकू शकत नाही, आणि आधी गोळ्या घेऊन मग तपासायला गेलीस तर चित्र गढूळ होतं. बाकीच्या गोळ्यांचंही तेच. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांची हानी चालूच राहते. केसांसाठी म्हणून बायोटिन घेत असशील तर ते थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकवतं. जे काही घेतेस, अगदी सर्दीची गोळीसुद्धा, त्याची पाकिटं पिशवीत घालून घेऊन जा. अ‍ॅलर्जीच्या कितीतरी गोळ्यांनीच माणूस दिवसभर पेंगतो.

थकवा हे किती वाटांचं एकच दार आहे, हे तुला कळावं म्हणून थोडंसं सांगते. थायरॉइड मंदावलं तर थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ होतं, कातडी कोरडी पडते, आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, रक्तात चढतं, कारण मेंदूखालची ग्रंथी थायरॉइडला जोरजोरात हाका मारत असते. साखर वाढली तर तहान आणि रात्रीच्या लघवीच्या फेऱ्या वाढतात. बी-१२ कमी असेल तर तळव्यांना मुंग्या येतात. झोपेत श्वास अडत असेल तर दहा तास झोपूनही सकाळी डोकं जड आणि तोंड कोरडं; तू घोरतेस का हे तुला कळणारच नाही, खोलीत झोपणाऱ्याला विचार. मूत्रपिंड, यकृत, गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला होणारा सीलिअ‍ॅक आजार, क्षय, गर्भारपण. यातलं काय तपासायचं हे तुझ्या सांगण्यावरून ठरतं. तू 'टेन्शन' म्हणालीस की ही सगळी दारं एका शब्दात बंद.

एक वही घे. दोन आठवडे, रोज चार ओळी. किती वाजता झोपलीस, उठल्यावर कसं वाटलं. सहा महिन्यांपूर्वी जमायचं आणि आता जमत नाही असं काय. पाळीच्या तारखा, पॅड किती. वजन. संध्याकाळी अंग गरम वाटलं तर थर्मामीटरचा आकडा. 'खूप' हा शब्द लिहायचा नाही. 'खूप थकते' यातून कुणाला काहीच कळत नाही. 'दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं' यातून कळतं. आणि वहीत 'कारण' असा रकाना पाडू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

पण काही गोष्टींसाठी वही भरत बसायचं नाही. प्रयत्न न करता वजन उतरतंय, रात्री घामाने कपडे भिजतात, ताप हटत नाही, मानेत किंवा काखेत गाठ लागते, तर याच आठवड्यात दाखव. छातीत दुखलं, बसल्या जागी धाप लागली, चक्कर येऊन पडलीस, शौच डांबरासारखं काळं झालं, किंवा जगूच नये असं मनात आलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला.

'मनाचं आहे' असं बहीण म्हणाली, तेही लिहिलंयस. असूही शकेल. नैराश्यात शरीर खरोखर गळून जातं, आणि तोही डॉक्टरांनीच बघायचा आजार आहे, तुझ्या बहिणीने द्यायचा शेरा नव्हे. करावंसं वाटतं पण अंग साथ देत नाही, की करावंसंच वाटत नाही, हे दोन्ही वेगळे अनुभव आहेत. जो तुझा असेल तो जसाच्या तसा सांग. दोन्ही असतील तर दोन्ही सांग.

आता एक गोष्ट, जी मी फारशी कुणाला सांगत नाही. माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी होती, तुझ्याच वयाची. एका तापानंतर तिचा थकवा गेलाच नाही. मी तेव्हा बरी झाले होते आणि मला वाटत होतं की थकव्यातलं आता मला सगळं कळतं. मी तिला रोज संध्याकाळी चालायला नेऊ लागले. ती म्हणायची, चालले की त्या दिवशी नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठताच येत नाही. मी म्हणायचे, सवय मोडलीय तुझी, होईल. महिन्याभरात ती अंथरुणाला खिळली.

डॉक्टरही तेव्हा हेच सांगत होते, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय. ते खोटंही नाही. अशा चिवट थकव्याच्या आजारात व्यायाम ठरावीक टप्प्यांनी वाढवत न्यावा, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००७ मध्ये सांगितलं होतं; २०२१ च्या नव्या सूचनांत त्यांनी ते काढून टाकलं. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी कोसळणं हीच त्या आजाराची ठळक खूण मानली जाते. पण तिने मला ती खूण तिच्या शब्दांत स्पष्ट सांगितली होती. ती काय घडतं ते सांगत होती आणि मी तिच्या तोंडात कारण घालत होते. याला कुठलीही संस्था उत्तर देऊ शकत नाही.

म्हणून तुला मी चालायला जा म्हणत नाही. श्रम केलेस की पुढचे दोन दिवस कसे जातात, तेवढं लिहून ठेव.

आणि पहिले रिपोर्ट नॉर्मल आले तर? तर तेवढ्याच गोष्टी नॉर्मल आहेत. विचार, "यातून काय काय नाही हे ठरलं? आता पुढे काय बघायचं? बरं वाटलं नाही तर किती आठवड्यांनी येऊ?" रिपोर्टांच्या प्रती तुझ्याजवळ ठेव. ऐकून घेतलं नाही तर दुसरीकडे जा. मला घरचे म्हणायचे, ही डॉक्टर बदलत फिरते. फिरले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. मला खंत आहे ती पहिल्या दोघांना मी नीट काही सांगितलंच नाही याची. वाईट डॉक्टर नव्हते ते. त्यांच्या हातात मी सोडवलेलं गणित दिलं होतं, तेही चुकीचं.

एकटी जाऊ नकोस, पण बहिणीला बाहेर बसव. ती आत आली की तुझ्याआधी तीच कारण सांगेल.

रविवारी केस धुशील ना? धुऊन झाल्यावर घड्याळ बघ आणि उठून बसेपर्यंत किती मिनिटं गेली ते वहीत लिही. पहिली ओळ तीच असू दे. लिहिलीस की मला फोटो पाठव.

तुझी
मावशी